रिकाम्या सिलिंडरचं वजन

अक्का, तुमच्या फोटोला हार घालून झाला. आता उद्या तुमच्या यंत्रालाही घालणार आहेत.

तेरावा झाला, पाहुणे गेले. तुमच्यामुळे लांबवलेली सभा उद्या दुपारी दूध केंद्रावर आहे. विषय एकच. उन्हाळाभर चालवून पाहिलेल्या दोन यंत्रांपैकी एक ठेवायचं आणि एक परत द्यायचं. काल रुक्मिणबाई घरी आल्या. तुमच्या जागेवर आता त्याच काम बघतात. डोळे पुसत म्हणाल्या, "बारके, आमचं समद्या बायांचं ठरलंय. अक्काची पेटीच ठिवायची. तिची शेवटची इच्छा व्हती." मी मान खाली घालून भाकरी थापत राहिले. त्यांना वाटलं मी हो म्हटलं.

ती शेवटची इच्छा नव्हती. तुम्हाला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. ती तुमची बाजू होती. माझी दुसरी होती, आणि आपलं भांडण मिटलेलं नव्हतं.

या घरात मी धाकटी जाऊ होऊन आले तेव्हापासून माझं म्हणणं कोणी विचारलं नाही. दाल्ल्यानं नाही, सासूनं नाही, माहेरच्यांनीही नाही. विचारायचात फक्त तुम्ही, आणि तेही भांडायला. "गप कावून बसली? बोल की. तोंडात काय मूग हायेत?" गावानं तुम्हाला चेअरमनबाई म्हटलं, मी शेवटपर्यंत अहो अक्का म्हटलं. पण अहो-जाहो करत जेवढी मी तुमच्याशी भांडले, तेवढी कोणाशी अरे-तुरे करूनही भांडले नाही.

आज अंगात त्राण नाही. सकाळचं दूध मोजलं, कॅन धुतले, आणि केंद्राच्या ओट्यावर बसून हे लिहितेय. तुम्ही असता तर म्हणाला असता, लिहिती काय, तोंडानं सांग.

उद्याचं भय मला काय आहे ते सांगते. मागच्या दोन उन्हाळ्यांत लाईट जायची, दूध गार ठेवणारा मोठा कूलर बंद पडायचा आणि दूध नासायचं. वरच्या दूध संघानं तुमच्यासमोरच सांगितलं होतं की आणखी एक उन्हाळा असा गेला तर कूलर उचलून नेऊ, दूध सिरसाळ्याला आणून घाला. तिथपर्यंत रोज कोण जाणार? केंद्र गेलं तर निम्म्या बाया म्हशी विकतील आणि दसऱ्यानंतर पुन्हा उसाच्या फडात जातील. त्यांच्यात मीही असेन. म्हणून यंत्र कुठलं राहतं याला महत्त्व आहे. तुमच्यावरच्या मायेनं ते ठरवलं तर ती माया पुढच्या उन्हाळ्यात दुधाबरोबर नासेल, असं मला वाटतं. पण हे बोलायचं कोणी? आपल्यात बोलणाऱ्या तुम्हीच होता.

कॉलेजचे सर, लाईट गेली तरी कूलर चालवणारी ही दोन्ही यंत्रं घेऊन आले तो दिवस आठवतो. फ्युएल सेल आणि फ्लो बॅटरी. बायांनी नावं लगेच बदलली, पहिली पेटी आणि दुसऱ्या टाक्या. सरांनी फळ्यावर बरंच काढून दाखवलं. आम्ही माना हलवत होतो. तुम्ही मात्र मध्येच उठलात. "थांबा सर. आमाला चुलीवर सांगा. चुलीचं तोंड केवढं हाय त्यावर जाळ, आन सरपण किती हाय त्यावर येळ. बरुबर का?" सर हसले. म्हणाले, दोन्ही यंत्रांचं तसंच आहे. पेटीत चुलीचं तोंड म्हणजे ती पेटी आणि सरपण म्हणजे सिलिंडरमधला हायड्रोजन. टाक्यांच्या यंत्रात मधला लहान डबा हे तोंड आणि दोन टाक्यांतलं औषधी पाणी हे सरपण. जोर वाढवायचा तर तोंड मोठं करा, तास वाढवायचे तर सरपण वाढवा. फरक एवढाच की पेटीचं सरपण जळून जातं आणि बाहेरून नवं आणावं लागतं. टाक्यांचं सरपण संपलं की छपरावरच्या सोलरनं तेच पुन्हा भरतं.

कूलर दोन्हींवर सारखाच चालला. मग तुम्ही म्हणालात, जोर सारखा, आता वजन बघू. सरांनी वजन सांगितलं असतं, पण तुमचा आपल्या काट्याशिवाय कशावर विश्वास नव्हता. टाक्या ट्रकमधून आल्या होत्या. तुम्ही ती गाडी सिरसाळ्याच्या वजनकाट्यावर भरलेली नेली आणि परत रिकामी नेली. पेटी आपण दुधाच्या काट्यावर ठेवली. मग सिलिंडर ठेवला. आणि तिथं आपण सगळ्यांनी मिळून ते केलं, जे आपण रोज दोन वेळा करतो. कॅनचं वजन वजा केलं.

दूध मोजणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. कॅन ठेवायचा, रिकाम्या कॅनचं वजन वजा करायचं, राहील ते दूध. कॅन परत जातो, तो मालात धरत नाहीत. सिलिंडरही परत जाणार होता. मग तो कॅनच झाला. त्याच्यातला गॅस तेवढा माल, आणि गॅसचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास. तुम्ही खडूनं भिंतीवर लिहायला लावलंत आणि सगळ्या बायांना ऐकवलंत, "बघा गं! जोर तेवढाच. हिकडं एक पोतं, तिकडं चार म्हशी."

बाया किती हसल्या. सरांनी भिंत वाचली आणि जरा थांबून म्हणाले, "अक्का, लोखंड नाही धरलं तुम्ही."

"सर, दूध मोजताना तुमी कॅन धरता का?"

ते खळखळून हसले. "तुमचा हिशोब चूक नाही म्हणत मी. पण तुम्ही विचारताय एक आणि तो सांगतोय दुसरंच." पुढचं तुम्ही ऐकलंच नाहीत. चहा पाजून त्यांना वाटेला लावलंत.

मला तेव्हा काही सुचलं नव्हतं. माझं मन टाक्यांकडे गेलं ते वजनासाठी नव्हे, रंगासाठी. भरल्या की एकीत जांभळं पाणी, दुसरीत पिवळं. जसजसं वापरावं तसतसं ते हिरवं आणि निळं होत जायचं. काचेच्या नळीतून बघायचं, की किती उरलंय ते कळायचं. पितळी हंड्यात डोकावून पाणी किती उरलं बघावं तसं. पेटीत काहीच दिसत नव्हतं.

तुम्ही मात्र पेटीचं पाणी मला दाखवलंत. मागच्या नळीतून थेंब थेंब पडणारं. एका सिलिंडरमागे अर्धी कळशीही नाही, पण स्वच्छ. तेव्हा टँकर तीन-चार दिवसांनी एकदा यायचा आणि विहिरीत चिखल होता. तुम्ही तांब्या लावून ते पाणी धरलंत, सरांना विचारून एक घोट घेतलात आणि तोंड वाकडं केलंत. "चवच न्हाई गं याला. पन दुष्काळात पानी देतंय, आजून काय पायजे? आन तुझ्या टाक्या? उलट पानी पितात."

ते खरं होतं. टाक्यांना ऊन सोसत नाही. चैत्राच्या अखेरीला ऊन चढलं तेव्हा टाक्यांचं यंत्र आपणहून बंद पडलं आणि संध्याकाळचं दूध फाटलं. मी वर तुराट्यांचं दुहेरी छप्पर घातलं, गोणपाट लावले, कॅन धुतलेलं पाणी त्यांच्यावर मारत बसले. तुम्ही दारातून बघत म्हणालात, "म्हशीला न्हाई मिळत एवढी आंघोळ."

छावणीचा दिवस मी विसरणार नाही, तुमच्या बाजूनं बोलायचं झालं तर तो सांगावाच लागेल. चारा संपला तशी गावातली बरीच जनावरं छावणीत गेली, बाया पण जनावरांबरोबर तिथंच राहायला गेल्या. त्यांचं दूध तिथंच नासत होतं. तुम्ही पेटी बैलगाडीत टाकली, सिलिंडर टाकले, एक लहान फ्रीझर टाकला आणि निघालात. मला ओढूनच नेलंत. माळरानावर पालांच्या रांगा, शेणाचा वास, आणि मध्येच तुमची पेटी घुमायला लागली. बायांनी कॅन आणून ओळ लावली. त्यांच्यातली एक तुम्हाला म्हणाली, "अक्का, तुमी तर केंद्रच उचलून आनलं की वो." तुमच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं. तुम्ही लहानपणापासून फडात वाढलात. पाल, चूल, पोरं, कोंबड्या, सगळं गाडीत बसेल तेवढंच आपलं, हे तुमच्या अंगात होतं. तिथं, त्या माळावर, पहिल्यांदा तुमच्याबरोबर गाडीत बसून एक मोठी गोष्ट आली होती.

तेव्हा तुमच्यावर जीव ओवाळून टाकावा असं वाटत होतं, आणि तुमचं म्हणणं पटत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी.

मग एकदा सिलिंडरचा टेम्पो आलाच नाही. गेवराईच्या पुढं रस्त्यात अडकून पडला. इकडं लाईट गेली. पेटी गप्प. त्या संध्याकाळी टाक्यांनी दूध राखलं. सकाळी तुम्ही आलात, नळीतला रंग बघितलात. मग म्हणालात, "एका दिसावरून काय ठरतंय? तुझ्या बी टाक्या पडल्या हुत्या की."

आणि तिथून शेवटचं भांडण लागलं. तुम्ही कॅनच्या झाकणांची रास करत होता, मी फरशी धूत होते.

"आपन हिंडनारी मानसं, बारके. पाऊस न्हाई आला की जनावरं छावणीत, मानसं फडात. तुझ्या टाक्या येनार हायेत का मागं मागं?"

"न्हाई येनार. म्हनूनच तर."

"म्हनूनच तर काय?"

"आता कुठंतरी ऱ्हावं वाटतं, अक्का."

"वाटून काय हुतंय? मी वजन इचारती, तू वाटनं सांगती. चार म्हशी वजनाचं धूड हाय ते. एका जागी बसनार. आपून गेल्यावर त्याचं काय करायचं? उत्तर दे."

तेवढ्यात दुधाची गाडी आली. हॉर्न वाजला आणि आपण दोघी कॅन उचलायला धावलो. त्या आठवड्यात तुम्हाला दम लागायला लागला.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी तुमच्याजवळ बसले होते. तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं, म्हणजे तुमच्यासाठी अर्धं मरण तिथंच झालं होतं. एक माणूस ऑक्सिजनचं मोठं सिलिंडर ढकलत घेऊन आला, तुमच्या खाटेशी लावलं. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत. मग माझ्याकडे बघितलंत आणि भुवया वर केल्यात. मी ओळखलं. बघ, माणूस जाईल तिथं हे येतं. हेच म्हणत होतात ना? की मी उगाच तसं समजले? आता कोणाला विचारू.

मग तो माणूस आधीचं रिकामं सिलिंडर घेऊन चालला. ते तिरपं करताना त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. भरलेलं लावताना जेवढ्या ताठ झाल्या होत्या, तेवढ्याच. मी बघतच राहिले. दुधाचा कॅन रिकामा झाला की पोरगी पण एका हातानं नेते. सिलिंडर रिकामं झालं तरी तसंच जड. आपण कॅन म्हणून जे वजा केलं, ते कधी वजा होतच नव्हतं. येताना तेवढं आणि जाताना तेवढं.

तुमच्या भांडणातल्या एका गोष्टीचं उत्तर मला तिथं मिळालं. तुमच्या खाटेशी बसून. पण त्या सिलिंडरवर तुमचा श्वास चालू होता. त्याच्याबद्दल वाकडं कसं बोलू? मी तुमचे पाय दाबत राहिले. तुमचे डोळे मिटले. तुम्ही झोपलात असं वाटलं, आणि तेव्हा खरंच झोपला होता. नंतरचं लिहीत नाही.

उद्या मी काय करीन हे मला माहीत नाही.

---

सभा झाली, अक्का. दूध गेलंय, आता बसलेय.

तुमचा फोटो खुर्चीवर ठेवला होता, चेअरमनच्या. समोर उदबत्ती. पेटीला पण हार होता, झेंडूचा, मधमाश्या बसत होत्या त्याच्यावर. सचिव भाऊंनी ठराव वाचला. कैलासवासी चेअरमनबाईंच्या इच्छेनुसार संस्था एकमतानं असं ठरवते. वाचून झाल्यावर कागदाची घडी घालत घालतच विचारलं, "हरकत?"

मी हात वर केला.

भाऊ म्हणाले, "काय पायजे, वहिनी? पानी?"

"हरकत हाय."

रुक्मिणबाई माझ्याकडे वळल्या. "बारके! तेराव्याची भांडी आजून मांडणीवर गेली न्हाईत, आन तू जावंच्या ठरावाला आडवी जाती?"

बसून बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तुम्ही सभेत बसून बोलणाऱ्यांना उठवायचात. मी उभी राहिले. म्हटलं, "अक्का कदी म्हनल्या का, मी गेल्यावर पेटी ठिवा? कुनाला म्हनल्या असतील तर सांगा." मी भाऊंकडं बघितलं, रुक्मिणबाईंकडं बघितलं. "त्या माझ्याशी भांडत व्हत्या. ते आर्ध्यात ऱ्हायलंय. ऐकून न घेता त्यांचं खरं केलं तर त्यांनाच राग यील."

मग मी विचारलं, सिलिंडर टेम्पोतून उतरवलं कोणी कोणी. सात-आठ हात वर झाले. रिकामं झाल्यावर चढवलं कोणी? तेच हात. "मग रिकामं हलकं लागलं का?"

मागून मथुराबाई ओरडल्या, "कशाचं हलकं! माझी कंबर आजून धरलीय, गाढवाचं वझं हाय त्ये!"

आणि तिथून सभा सुटली, अक्का. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कोणी म्हणालं, मग टाक्या काय हलक्या होतात का वापरल्यावर? मी म्हटलं, न्हाई, त्या बी तेवढ्याच ऱ्हातात, जांभळ्या असू द्या नाहीतर हिरव्या. पन त्या उचलायच्या कुनाला हायेत? कोणी म्हणालं, उन्हात बंद पडल्यावर? गोणपाट कोण भिजवणार, तुझा नवरा? मी म्हटलं, मी भिजवीन, आन दुसरं छप्पर घालू. कोणी म्हणालं, पेटी पानी तरी देते. मथुराबाई म्हणाल्या, अर्ध्या कळशीसाठी कंबर मोडायची का? रुक्मिणबाई रडत रडत भांडत होत्या, भाऊ टेबल वाजवत होते, आणि कोणालाच कोणाचं ऐकू येत नव्हतं. तुम्ही गेल्यापासून केंद्रात एवढा आवाज झाला नव्हता. खुर्चीवरच्या फोटोकडे बघायचं मला धाडस झालं नाही.

हात मोजले. टाक्या राहिल्या. थोडक्यातच. भाऊंनी ठरावातलं 'एकमतानं' खोडून 'बहुमतानं' लिहिलं. पेटीचा हार रुक्मिणबाईंनी स्वतः काढला आणि माझ्याशी न बोलता गेल्या. बोलतील. नाही बोलल्या तरी दूध तर घेऊन येतील.

मला वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. फार थकवा आला. ओट्यावर बसले तर उठवेना. सारखं वाटत होतं, आता तुम्ही याल आणि म्हणाल, लोखंडाचं पटलं मला, पण बाकीचं?

बाया पांगल्यावर सुभद्रा मागे राहिली. वरच्या आळीची, दर दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर फडात जाते. तिनं हात टाक्यांना वर केला होता. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "काकी, म्या हात वर केला तुमच्याकडं बघून. पन पाऊस न्हाई झाला तर आमी जानारच. म्हस संगट नेनार. तितल्या दुधाचं काय?"

हेच तुम्ही विचारलं होतंत, आणि टाक्यांनी त्याचं काही भागत नाही. पूर्वीची असते तर मी मान खाली घालून गप्प बसले असते, आणि तिला वाटलं असतं मी ऐकलंच नाही.

मी तिला शेजारी बसायला जागा केली. म्हटलं, "बस. तू काय म्हनती ते पयलं नीट सांग. मंग मी भांडते."